घरी बनवलेल्या गेम कन्सोलच्या स्पीकरमधून सतत गुणगुण येते, काय करावे?

राझबेरी पाय झीरो (एका छोट्या बोर्डावरचा संगणक), छोटी स्क्रीन आणि पीएएम८४०३ अ‍ॅम्प्लिफायर. गेमचा आवाज येतो, पण मागे गुणगुण असते आणि स्क्रीनवर काही हललं की किरकिर वाढते, असं तुम्ही लिहिलंय. या लक्षणांवरून मला वाटतं, अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे. तो बदलू नका.

आधी एक चाचणी करा. पायकडून येणारी सिग्नलची तार सोडवा आणि अ‍ॅम्पचं इनपुट त्याच्याच ग्राउंडला (पॉवरच्या मायनसला) जोडा. गुणगुण तशीच राहिली तर ती पॉवरच्या तारांतून येतेय. थांबली तर घोळ सिग्नलच्या वाटेवर आहे.

माझ्याकडे पहिला प्रकार होता. दिवाळीच्या सुट्टीत भाच्यासाठी कन्सोल बनवत होतो. वडोदऱ्यात आमचं घर दांडिया बाजारात, मरीमाताचा खांचा जवळच, त्यामुळे सुटे भाग आणायला अडचण नव्हती. तार आखूड ठेवायची म्हणून अ‍ॅम्पचं ग्राउंड मी स्क्रीनच्या ग्राउंडवरून पुढे नेलं होतं. तिथेच चुकलं. स्क्रीनचा सगळा करंट त्या बारीक तारेतून परततो, तारेवर थोडे मिलिव्होल्ट पडतात, आणि अ‍ॅम्प तेही आवाज समजून वाढवतो. दृश्य बदललं की करंट बदलतो, म्हणून किरकिर. अ‍ॅम्पच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा वेगळ्या काढून थेट बूस्ट कन्व्हर्टरच्या (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणाऱ्या सर्किटच्या) आउटपुटवर सोल्डर केल्या, अ‍ॅम्पला लागूनच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि स्पीकर शांत झाला. भाचा रात्री अकरापर्यंत जागा होता, तो आवाज ऐकायलाच.

घोळ सिग्नलमध्ये निघाला तर फिल्टर तपासा. पाय झीरोला ऑडिओ जॅक नाही, आवाज जीपीआयओ पिनवर (बोर्डाच्या जोडणीच्या पिनवर) पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलच्या रूपात निघतो, आणि फिल्टर त्यातून साधा आवाज काढतो. पिनपासून २७० ओहम सिरीजमध्ये, त्यापुढून ग्राउंडला १५० ओहम आणि ३३ नॅनोफॅरड, मग सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड. १५० ओहमचा रेझिस्टर गाळू नका. तोच ३.३ व्होल्टचे सुमारे १.२ करतो, नाहीतर आवाज फाटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: पीएएम८४०३ च्या स्पीकरची मायनस तार ग्राउंड नाही. त्याचं आउटपुट दोन्ही टोकांनी चालतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. ती तार ग्राउंडला लावली, किंवा साधा हेडफोन जॅक तिथे जोडला, तर चिप जळू शकते. हेडफोनसाठी सिग्नल अ‍ॅम्पच्या आधीच काढा.

नव्याने करायचं असेल तर मी मॅक्स९८३५७ए हा दुसरा अॅम्प घेईन. त्याला डिजिटल सिग्नल जातो, जीपीआयओ १८, १९ आणि २१ वरून, त्यामुळे फिल्टर लागतच नाही. फक्त तुमच्या स्क्रीनची बॅकलाइट १८ वर नाही ना, ते आधी बघा. बऱ्याच छोट्या स्क्रीनची तिथेच असते. आणि स्पीकरची मागची बाजू छोट्या डबीत बंद करा. उघड्या स्पीकरची पुढची-मागची हवा एकमेकांना मारते आणि आवाज पत्र्यासारखा येतो.