क्लस्टर डोकेदुखीत दुखणाऱ्या बाजूच्याच डोळ्यातून पाणी का येतं?

क्लस्टर डोकेदुखी म्हणजे एकाच बाजूला, डोळ्याभोवती झटक्यांनी येणारं असह्य दुखणं. त्यात चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस भडकली की मेंदूच्या तळाशी असलेलं एक केंद्र पॅरासिम्पथेटिक नसांना (आपल्या इच्छेविना अश्रू, स्राव वाढवणाऱ्या नसा) आपोआप कामाला लावतं. या नसा नाकामागच्या स्फेनोपॅलाटाइन गँग्लिऑनमधून (चेतापेशींचा पुंजका) अश्रुग्रंथी आणि नाकाच्या अस्तरापर्यंत जातात. म्हणून त्याच बाजूचा डोळा लाल होऊन गळतो, नाक चोंदतं. पापणी उतरणं आणि बाहुली बारीक होणं ही मात्र सिम्पथेटिक नसा (पापणी उचलून धरणाऱ्या, बाहुली रुंदावणाऱ्या) मंदावल्याची खूण.

झटका 15 ते 180 मिनिटं टिकतो आणि बऱ्याचदा रोज त्याच वेळी, झोपेतून उठवून येतो. इथे शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागावर संशय आहे.

नाक गळतं म्हणून अनेकांना 'सायनस' सांगून अँटिबायोटिक दिलं जातं, ते वाया जातं. मायग्रेनचा रुग्ण अंधारात पडून राहतो, क्लस्टरचा येरझाऱ्या घालतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. झटक्यात पॅरासिटामॉलचा उपयोग जवळपास नाहीच. मास्कमधून मिनिटाला 12 ते 15 लिटर ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टनचं इंजेक्शन (हृदयविकार असल्यास नको) लागू पडतं. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल किंवा पापणी उतरलेलीच राहिली, तर लगेच न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.