गर्दी, खेळ आणि बंदोबस्त : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फुटबॉलचे इंग्रज चाहते म्हणजे हुल्लडबाज, असं ऐकत आलोय. पोलिसांनी दंडुका आधीच दाखवला तर बिघडलं कुठे? (नाशिक)

२००४ची युरो स्पर्धा पोर्तुगालमध्ये झाली. मोठ्या शहरांचा बंदोबस्त पीएसपी या पोलीस दलाकडे होता. समाजमानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट यांच्या गटाशी सल्लामसलत करून त्यांनी आखणी केली : नेहमीच्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने चाहत्यांत फिरायचे, गप्पा मारायचे. दंगल नियंत्रण पथक जवळच, पण नजरेआड. १३ जूनला लिस्बनमध्ये फ्रान्सच्या झिदानने अगदी शेवटी दोन गोल मारून इंग्लंडच्या तोंडचा घास काढला, तरी शहर शांत राहिलं.

राडा झाला अल्बुफेराला. तिथे सामनाच नव्हता! किनाऱ्यावरचं पर्यटनाचं गाव, सुट्टीला आलेले इंग्रज, आणि बंदोबस्त जीएनआर या दुसऱ्या दलाचा. त्यांनी ही पद्धत घेतली नव्हती. दारू दोन्हीकडे होती, बरं का. लाठी सरसकट चालली की कडेला उभा असलेला माणूसही दंगेखोराच्या बाजूला सरकतो. एरवी तोच त्याला ‘बस कर’ म्हणतो.

प्रश्न : दहीहंडी खेळ झाली, मग उत्सव उरला का? (ठाणे)

उरतो की. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यांच्या मांडणीत खेळ घडतो तो धोक्याला नियमांचं कुंपण घालून. आपल्याकडे थर आधी चढले, कुंपण मागून आलं. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा घातली; २०१७ मध्ये उंचीचा निर्णय सरकारवर सोपवला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली. दरम्यान २०१५ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला. मला खटकतं ते वेगळंच. लाखांच्या बक्षिसावर फोटो आयोजकाचा, आणि हात मोडला की सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत गोविंदाची आई.

प्रश्न : पावसाळ्यात लोणावळ्यात लावतात ती बंदी पर्यटकांवर अन्याय नाही का? (पुणे)

जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा प्रशासन गप्प बसणं शक्यच नव्हतं. पण बंदी लागली की तुमची गाडी दुसऱ्या धबधब्याकडे वळते. कणसं भाजणाऱ्या बाईंना वळता येत नाही. पाणी कधी चढतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बॅरिकेडवर दोन हवालदार कमी ठेवून गावातल्या चार पोरांना मानधन, शिट्टी आणि दोर द्या.