मोटरहोममध्ये सॅटेलाइट रेडिओ: कोणता सेट घ्यावा आणि अँटेना कुठे लावावा?

अमेरिका-कॅनडात सॅटेलाइट रेडिओची, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या रेडिओची सेवा म्हणजे सिरियसएक्सएम. मोटरहोमच्या (चाकांवरच्या घराच्या) डॅशवरचा स्टीरिओ 'सिरियसएक्सएम-रेडी' म्हणजे या सेवेचा ट्यूनर जोडता येणारा असेल तर एसएक्सव्ही३०० ट्यूनर मागच्या पोर्टला जोडा, विषय संपला. नसेल तर डॉक-अँड-प्ले रेडिओ घ्या, म्हणजे डॉक नावाच्या बैठकीत बसवायचा सुटा रेडिओ. तो डॉकमधून काढून घरीही वापरता येतो, मात्र तिथे वेगळं होम किट लागतं. आवाज ३.५ मिमीच्या ऑक्स केबलनेच घ्या. आवाज एफएमवरून स्टीरिओला पाठवणारा एफएम ट्रान्समीटर शहरागणिक दुसऱ्या स्टेशनशी भिडतो आणि दर वेळी फ्रिक्वेन्सी बदलत बसावं लागतं.

खरी डोकेदुखी अँटेनाची. तो चुंबकाचा असतो आणि मोटरहोमचं छप्पर बहुधा फायबरग्लास किंवा रबराचं, म्हणजे चिकटतच नाही. शिवाय त्याला खाली धातूचा पृष्ठभाग हवाच, नाहीतर सिग्नल कमजोर पडतो. छपरावर पोलादी पत्रा चिकटवून त्याच्या मधोमध अँटेना ठेवा. एसीच्या खोक्यापासून लांब. दक्षिणेचं आकाश मोकळं हवं. दाट झाडांखाली आवाज तुटणारच, त्यात रेडिओचा दोष नाही.

केबल कापून जोडू नका. केबलसाठी छपरात पाडलेलं भोक सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणाऱ्या) सीलंटने बुजवा. साधं सिलिकॉन रबरावर धरत नाही. वीज घरगुती बॅटरीवरून, म्हणजे मोटरहोममधल्या राहण्याच्या भागाच्या वेगळ्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर मुक्कामी गाणी ऐकता ऐकता इंजिनाची बॅटरी बसेल.

ॲक्टिव्हेशनला (सेवा सुरू करून घ्यायला) लागणारा रेडिओ आयडी चॅनल ० वर दिसतो. ॲक्टिव्हेशनच्या वेळी गाडी उघड्यावर उभी हवी.