आकडा बरोबर, तरी रक्त का थांबत नाही?

ताई,

मुलीने नीट दोनदा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा ती रोज त्याच्या प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींचा, आकडा वहीत लिहायची, आणि आता रक्त कसं गोठतं यावर संशोधन करायचं म्हणते. तुम्ही विचारलंय, त्यापेक्षा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लॅब टाकली तर काय वाईट?

वाईट काहीच नाही, पण तो रस्ता वेगळा. तिथे आकडा अचूक काढून द्यायचा असतो. तुमच्या मुलीने वहीत लिहिलंय, ‘प्लेटलेट्स पुरेशा असूनही रक्त वाहत राहतं का?’ हे वाचून मी थांबलोच.

हो, राहतं. ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया या जन्मजात आजारात प्लेटलेट्सची संख्या ठीक असते, पण त्यांना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन नसतं किंवा बिघडलेलं असतं. निळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) हलकेच फिरवलं की वर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, येतो; प्लेटलेट्स तरंगत असल्याने तो गढूळ, पिवळसर दिसतो. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात एडीपी हे प्लेटलेट्सना चेतवणारं रसायन टाकलं की प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि दूध फाटून निवळी दिसावी तसा तो काही मिनिटांत निवळतो. या रुग्णांचा गढूळच राहतो. त्यातून किती प्रकाश पार जातो हे मोजायची पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. नमुना फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही, साधारण चार तासांत काम उरकावं लागतं. असं चिवट काम तिला आवडेल का, हे तिलाच विचारा. रुग्ण तपासायचीच ओढ असेल, तर मात्र हा सल्ला तिच्यासाठी नाही.

ओढ प्रश्नाची असेल तर नीटचा तिसरा प्रयत्न नको. बी.एस्सी. बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी घ्या, जवळच्या चांगल्या कॉलेजात; ‘बायोटेक’ या नावाला भुलून लाखोंची फी भरू नका. पुढे एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पीएच.डी. हातात पडेपर्यंत दहाएक वर्षं जातात, हे आजच घरात सगळ्यांनी मान्य करा. अशा कामाच्या जागा दूर नाहीत: परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था रक्तस्रावाच्या आजारांवरही काम करते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात उन्हाळी प्रकल्पासाठी तिने शास्त्रज्ञांना पत्रं लिहावीत. तुम्ही नाही, तिनेच. आणि सुरुवात वहीतल्या त्या प्रश्नानेच करू दे.