क्लस्टरमधल्या सीक्रेट्सची यादी रिकामी का येते?

आपला प्रश्न असा आहे की कुबरनेटिसच्या (अनेक यंत्रांवर अ‍ॅप्स चालवणाऱ्या प्रणालीच्या) क्लस्टरमध्ये, म्हणजे त्या यंत्रांच्या समूहात, साठवलेली सीक्रेट्स (पासवर्डसारख्या गुप्त नोंदी) टर्मिनलवरून कशी पाहावीत, आणि ‘क्यूबसीटीएल गेट सीक्रेट्स’ ही कमांड दिल्यावर काहीच सापडले नाही असे उत्तर येत असताना अ‍ॅप मात्र डेटाबेसशी व्यवस्थित जोडलेले कसे राहते. कमांड बरोबर आहे. त्या उत्तराचा शेवटचा भाग बहुतेक जण वाचत नाहीत. तेथे ‘इन डिफॉल्ट नेमस्पेस’ असे लिहिलेले असते. नेमस्पेस म्हणजे क्लस्टरमधला नाव दिलेला एक कप्पा, आणि येथे कमांडने फक्त ‘डिफॉल्ट’ नावाच्या कप्प्यात पाहिलेले असते. म्हणजे आपण एका खोलीत डोकावून पाहिले आणि वाडाच रिकामा आहे असे समजलो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. लातूरला आडत व्यवहाराच्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करत होतो. सोयाबीनची आवक जोरात असताना एका सकाळी मला अशीच रिकामी यादी दिसली. कोणीतरी सीक्रेट पुसले असावे, या समजुतीने मी घाईघाईने त्याच नावाचे नवे सीक्रेट तयार केले. ते अर्थातच डिफॉल्टमध्ये तयार झाले आणि खरे सीक्रेट आपल्या जागी तसेच राहिले. पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा मी नेमके हे निरुपयोगी दुसरे सीक्रेटच बदलत बसलो आणि हिशेबाची पट्टी छापणे बंद का पडले, हे शोधण्यात दुपार गेली.

म्हणून आधी ‘क्यूबसीटीएल गेट नेमस्पेसेस’ देऊन नेमस्पेसची नावे पाहावीत आणि मग मूळ कमांडपुढे ‘-एन’ व हव्या त्या नेमस्पेसचे नाव जोडावे. सगळीकडचे एकदम पाहायचे असेल तर ‘-ए’ जोडावे, मात्र ते अक्षर कॅपिटल हवे. (कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच द्याव्या लागतात.) यादीत नाव, प्रकार, डेटा आणि वय असे चार रकाने येतात. यांपैकी ‘डेटा’ या रकान्यातला आकडा म्हणजे त्या सीक्रेटमध्ये किती किल्ल्या (कीज, म्हणजे आतल्या एकेका नोंदीची नावे) आहेत त्यांची संख्या होय. तेथे ३ दिसले म्हणून पासवर्ड ३ अक्षरी ठरत नाही. प्रकारात ‘ओपेक’ असेल तर ते बहुधा आपल्यासारख्याच कोणी हाताने केलेले असते. टीएलएस (सुरक्षित जोडणीची) प्रमाणपत्रे, इमेज रजिस्ट्रीची (अ‍ॅपच्या तयार प्रती ठेवण्याच्या कोठाराची) लॉगिने आणि हेल्म या इन्स्टॉल करण्याच्या साधनाच्या प्रत्येक रिलीजची नोंदही याच यादीत मिसळलेली असते, त्यामुळे ती लांबलचक दिसली तर गोंधळू नये.

यादीत मजकूर दिसत नाही. ‘डिस्क्राइब सीक्रेट’ दिले तर किल्ल्यांची नावे आणि प्रत्येकीचे बाइट्स एवढेच कळते, आणि माझ्या मते निम्म्या अडचणी तेवढ्यावरच सुटतात. पासवर्ड १२ अक्षरी असून तेथे १३ बाइट्स दिसले, तर तो बेस६४ मध्ये (मजकूर साध्या अक्षरांत लिहिण्याच्या एका पद्धतीत) बदलताना ‘एको’ या मजकूर छापणाऱ्या कमांडला ‘-एन’ द्यायचे राहिले आणि शेवटी नव्या ओळीचे एक अदृश्य अक्षर चिकटले, असा संशय सर्वांत आधी घ्यावा. डेटाबेस असा पासवर्ड नाकारतो आणि डोळ्यांना मात्र काहीच चुकलेले दिसत नाही.

प्रत्यक्ष मजकूर हवाच असेल तर ‘गेट’च्या कमांडला ‘-ओ यामल’ जोडावे, म्हणजे सीक्रेट यामल या मजकूर-स्वरूपात पूर्ण दिसते. तेथे दिसणारी अगम्य अक्षरे म्हणजे कुलूप नव्हे, ते केवळ बेस६४ आहे. आपल्याकडे मराठवाड्यात कितीतरी घरांत निजामकाळातले जमिनीचे कागद मोडीत किंवा उर्दूत असतात. घरातल्या कोणाला ते वाचता येत नाहीत म्हणून ते गुप्त ठरत नाहीत, जाणकाराकडे नेले की तो घडाघडा वाचतो. बेस६४ ची गोष्ट तीच आहे. ‘-ओ जेसनपाथ’ वापरून एकच किल्ली काढावी आणि ती पाइपने (‘|’ या चिन्हाने) ‘बेस६४ --डीकोड’कडे द्यावी. स्क्रीन शेअर चालू असताना हे करू नये.

यादीऐवजी ‘फॉरबिडन’ असे उत्तर आले तर अडचण परवानगीची आहे. ‘क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय लिस्ट सीक्रेट्स’ आणि पुढे ‘-एन’सह नेमस्पेस दिली की हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर मिळते. येथे थोडे थांबून सांगतो, कारण प्रशासकही याबाबत बेसावध असतात: ‘लिस्ट’ची परवानगी म्हणजे फक्त नावे पाहण्याची परवानगी, असे ते समजतात. प्रत्यक्षात ती ज्याच्याकडे आहे तो त्याच यादीला ‘-ओ यामल’ जोडून त्या नेमस्पेसमधले सगळे पासवर्ड एका दमात वाचू शकतो. त्यामुळे आपल्याला एकच सीक्रेट लागत असेल तर त्या नावापुरती ‘गेट’ची परवानगी मागावी, मग यादी दिसणार नाही, पण नाव माहीत असल्यामुळे काम अडणार नाही.

सगळ्या नेमस्पेस पाहूनही सीक्रेट सापडले नाही, तर उलट्या बाजूने जावे. अ‍ॅपच्या डिप्लॉयमेंटचे (अ‍ॅप कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नोंदीचे) यामल काढून त्यात ‘सीक्रेटकीरेफ’, ‘सीक्रेटरेफ’ किंवा व्हॉल्यूमखाली (अ‍ॅपला जोडलेल्या फाइलींच्या जागेखाली) ‘सीक्रेटनेम’ शोधावे. अ‍ॅप जे सीक्रेट वापरते त्याचे नाव तेथे असते, आणि पॉड (अ‍ॅपची चालू असलेली प्रत) आपल्याच नेमस्पेसमधले सीक्रेट अशा रीतीने वापरू शकत असल्यामुळे ते कोठे शोधायचे हेही त्यावरून ठरते. तेथे यांपैकी काहीच नसून पर्यावरण-चलाच्या (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या, म्हणजे अ‍ॅपला बाहेरून दिलेल्या मूल्याच्या) नावाखाली ‘व्हॅल्यू’समोर पासवर्ड सरळ लिहिलेला आढळला, तर तो सीक्रेटमध्ये कधी ठेवलाच गेला नव्हता.