व्हिक मॅकी आवडतो म्हणजे मीच वाईट आहे का?

"मॅडम, तो माणूस वाईट आहे हे कळतं तरी मला तोच आवडतो, माझ्यातच काही गडबड आहे का?" सिरियलमधल्या पात्रांबद्दल हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बोलायला येणारे बरेच जण विचारतात. त्यातला एक अनुभव लिहितेय, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

चाळिशीतले गृहस्थ, एका कंपनीत अकाउंट्सला. रात्री घरातले झोपले की 'द शील्ड' बघत बसायचे, लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरची अमेरिकन सिरियल, २००२ ते २००८ चालली. (पुढे शेवटही सांगितलाय, बघायची असेल तर इथेच थांबा.) यातला व्हिक मॅकी 'स्ट्राइक टीम' या खास पोलिस पथकाचा प्रमुख, ड्रग्जवाल्यांशी साटंलोटं, संशयितांना बडवणं हे त्याचं रोजचंच. पहिल्या भागात एक लहान मुलगी गायब आहे, संशयित डॉक्टर तोंड उघडत नाही, तेव्हा जो कॅप्टन व्हिकला अडकवायला टपलाय तोच त्याला चौकशीच्या खोलीत पाठवतो, मारहाण होते आणि मुलगी सापडते. आणि त्याच भागाच्या शेवटी व्हिक स्वतःच्याच टीममधल्या टेरी क्राउलीला गोळी घालतो, कारण टेरी टीमची माहिती वर पोचवणार असतो.

"मुलगी सापडली तेव्हा मी टाळी वाजवली हो. आणि नंतर टेरीला मारलं तरी हा पकडला जाऊ नये असंच वाटत राहिलं. बायको म्हणाली, तुम्हाला असली माणसं आवडतातच कशी? तेव्हापासून झोप नाही."

मी सांगितलं की असं वाटणं साहजिक आहे, कारण कॅमेरा सतत व्हिकच्या मागे फिरतो, त्याचं घर, त्याचा ऑटिस्टिक मुलगा, त्याची धावपळ आपण जवळून बघतो, मग जीव गुंततोच, त्यावरून तुम्ही कसे आहात ते ठरत नाही. मग विचारलं, व्हिकच्या मुलाचं नाव काय? "मॅथ्यू", लगेच. टेरीबद्दल काय आठवतं? बराच वेळ गप्प. "तो... मध्ये येत होता ना."

बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच मांडलंय, चूक पचवायची असेल तर आपण आधी तिला मोठं कारण जोडतो आणि मग ज्याचं नुकसान झालं त्याला नजरेआड करतो. म्हणून मी त्यांना खऱ्या लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितली, या सिरियलची प्रेरणा जिथून आली ते रॅम्पार्ट प्रकरण, म्हणजे तिथल्या रॅम्पार्ट भागातल्या पोलिसांचा भ्रष्टाचार. १९९६ मध्ये हावियर ओवान्डो या निःशस्त्र तरुणावर पेरेझ आणि डर्डन या दोन पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वर त्याच्याजवळ बंदूक ठेवून त्यालाच आरोपी केलं. तो कायमचा व्हीलचेअरवर, आणि वर २३ वर्षांची शिक्षा. पुढे पेरेझ कोकेन चोरल्याबद्दल पकडला गेला आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलला, तेव्हा १९९९ मध्ये ओवान्डो सुटला. नंतर १०० च्या वर शिक्षा रद्द झाल्या. इथे कुठली मुलगी वाचली नव्हती.

हे ऐकल्यावर ते एकदम ऑफिसबद्दल बोलायला लागले, म्हणजे मी विचारलंही नव्हतं. त्यांच्याकडचा सेल्सचा साहेब बिलं कागदाशिवाय पास करून घेतो, एका ज्युनिअर मुलीने हरकत घेतली तर सगळ्यांसमोर तिला इतकं बोलला की तिने नोकरीच सोडली, आणि हे सही करत राहिले कारण "धंदा तोच आणतो मॅडम". झोप उडाली होती ती या मुलीमुळे, सिरियलने फक्त खपली काढली. पुढचं आमचं सगळं बोलणं सहीवरच झालं, नाही म्हणायचं कसं, कुणाला लेखी कळवायचं, घरी काय सांगायचं.

तुम्हालाही अशी पात्रं आवडत असतील तर खुशाल बघा, फक्त ज्याला मार बसला त्याचं पुढे काय झालं हे एकदा स्वतःला विचारा. घरात हात उचलला जातोय आणि वर "अशानेच सरळ होतात" असं तोंडातून निघतंय, किंवा खऱ्या माणसाला बडवतानाचे व्हिडिओ परत परत बघून बरं वाटतंय, तर मात्र वाट बघू नका, कुणाशी तरी बोला.

त्यांनी सिरियल पूर्ण केली. शेवटी व्हिक माफीच्या बदल्यात सगळे गुन्हे कबूल करतो, साथीदार रॉनी जेलमध्ये जातो, बायकोमुलं दूर नेली जातात आणि व्हिकला टेबलावरची नोकरी मिळते. "मला अजूनही त्याची दया येते", ते म्हणाले. येऊ दे की. साहेब त्यांच्याशी बोलत नाही आता, पण बिलं कागदांसकट येतात, आणि त्या मुलीला त्यांनी स्वतः फोन केला.