राजवाड्यातली नवी मांडणी: आधी दालन की वस्तू ते ठरवा

संग्रहालयातल्या वस्तूंसाठी काच-पोलादाच्या पेट्या ठेवल्या की राजवाड्याच्या जुन्या दालनाची शान जाते का, असं तुम्ही विचारलंय. संग्रहालयांच्या मांडणीत बरीच वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत असं की पेटी आधुनिक आहे म्हणून दालन बिघडत नाही. पाहायचं दालन आहे की त्यातली वस्तू, हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून बिघडतं.

रंगवलेलं छत, मूळ आरसे, सामान जागच्या जागी असेल तर दालन हेच प्रदर्शन. तिथे पेट्या नकोतच, दाराशी एक माहितीफलक पुरे. पण मूळ सामान गेलेलं असेल तर उसना राजेशाही थाट उभा करू नका. इटलीतल्या पालेर्मो शहरातल्या पालाझ्झो अबातेल्लिस या जुन्या वाड्याचं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात मोठं नुकसान झालं होतं. वास्तुरचनाकार कार्लो स्कार्पाने १९५३-५४ मध्ये तिथल्या संग्रहालयाची मांडणी केली, तेव्हा शिल्पकार फ्रांचेस्को लॉरानाने घडवलेला एलेओनोरा या राजघराण्यातल्या स्त्रीचा संगमरवरी अर्धपुतळा त्याने एका साध्या हिरव्या फलकापुढे ठेवला. ना मखमल, ना सोनेरी चौकट. त्या हिरव्यावर गालाची आणि मानेची कड अशी उठून येते की नजर दुसरीकडे जातच नाही!

नवं जे काही आणाल ते स्वतःच्या पायांवर उभं राहिलं पाहिजे. दिवे, वायरी, फलक सगळं सुट्या चौकटीत बसवा, जुन्या भिंतीत खिळा नको. इटलीतल्याच वेरोनाच्या कास्तेलव्हेक्किओ या किल्ल्यातल्या संग्रहालयात (१९६४) स्कार्पाने नवी फरशी जुन्या भिंतीला भिडूच दिली नाही. कडेची ती अरुंद फट पाहिली की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते न सांगता कळतं.

खरी डोकेदुखी खिडक्यांची. कापड आणि कागदाला साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तैलचित्राला २०० लक्सपर्यंत उजेड चालतो. राजवाड्याच्या उंच खिडकीतून त्याच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे पडदे आणि अतिनील किरण अडवणारी फिल्म हवीच. एका ठिकाणी आम्ही रेशमी पोशाखाची पेटी खिडकीच्या बरोबर समोर लावली. नकाशावर छान दिसत होती, पण दुपारी काचेत पोशाखाऐवजी खिडकीच दिसायची. पेटी काटकोनात फिरवली तेव्हा कुठे पोशाखाची वीण दिसू लागली.

तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी मी पुठ्ठ्याची पूर्ण मापाची पेटी करते, पुढून ॲक्रिलिकचा तुकडा लावते आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्यासमोर उभी राहून पाहते. तुम्हीही एवढं नक्की करा.